कळंबच्या विहिरीवरचा घाव

मी एक जुना हातोडा आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलाल या आशेने मी हे सांगत नाही. शाळेच्या निबंधांत जुनी छत्री रडते, फाटके पुस्तक रडते आणि शेवटी सगळे तुमच्याकडे माया मागतात. मला माया नको. माझ्या हातून एक वाईट काम झाले आणि ते चोवीस वर्षे चांगले म्हणून मिरवले गेले. ते कसे झाले, कसे उघडे पडले आणि त्याची झळ कोणाला बसली, एवढेच मला सांगायचे आहे.

मी सुताराचा हातोडा नाही. माझे एक तोंड चौकोनी आहे, दुसरे चोचीसारखे टोकदार. भूशास्त्र शिकणारे लोक मला कमरेला अडकवून डोंगर आणि किनारे पालथे घालतात. दगडाचा तुकडा काढतात आणि तो नेमका कुठून काढला ते वहीत लिहितात. त्या एका ओळीवर सगळे शास्त्र उभे असते. तुकडा कितीही सुंदर असो, जागा खोटी असेल तर तो कचरा.

पंजाबातल्या एका भट्टीत मला तापवून ठोकून घडवले. दांडा बाभळीचा बसवला. वसई-विरार भागातल्या एका महाविद्यालयात भालचंद्र सर भूशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नवे लागले, तेव्हा त्यांनी मला विकत घेतले. सर आगाशीचे. त्यांच्या हातात असताना मी कमी वापरला गेलो आणि त्याचा मला अभिमान होता. मुलांना घेऊन ते दगडासमोर उभे राहत आणि म्हणत, "आधी बघा. मग चित्र काढा. मग विचारा की फोडायची खरंच गरज आहे का." कित्येक मुले कंटाळून सावलीत जाऊन बसत. ती मला कधीच आवडली नाहीत.

श्रीरंग मात्र सावलीत बसला नाही. तो हुशार होता आणि मेहनतीही होता. म्हणूनच आज मला त्याचा जास्त राग येतो. आळशी माणसाने फसवले तर आपण समजून तरी घेतो.

दोन हजार एक सालची गोष्ट. श्रीरंग शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहीत होता. भालचंद्र सरांनी विश्वासाने मला त्याच्या हाती दिले. त्याचा विषय होता करळ. भरतीच्या रेषेवर वाळू आणि शंखशिंपले चुन्याने घट्ट चिकटून जो दगड तयार होतो, त्याला आपल्याकडे करळ म्हणतात. कळंबच्या किनाऱ्यावर तो दिसतो. श्रीरंगचे म्हणणे होते की एके काळी समुद्र आजच्यापेक्षा बराच आत होता. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत, जमिनीत मूळ जागेवर बसलेला करळ सापडला असता तर ते सिद्ध झाले असते.

अकरा दिवस तो शोधत होता. केवड्याची बने, भाताची खाचरे, सुरूच्या झाडांमागची वाळू, सगळीकडे हिंडला. करळ मिळाला नाही. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही कळंबहून आगाशीकडे निघालो होतो. वाटेत केळीच्या एका वाडीत विहीर दिसली. विहिरीचा कठडा करळाच्या चिऱ्यांचा होता. पूर्वीच्या लोकांनी घरे आणि विहिरी बांधायला किनाऱ्यावरून असा दगड आणला, हे श्रीरंगला ठाऊक होते. भालचंद्र सरांनीच ते त्याला शिकवले होते.

त्याने स्कूटर उभी केली. इकडेतिकडे पाहिले. मग त्याने मला उचलले आणि कठड्याच्या कोपऱ्यावर तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला तळहाताएवढा तुकडा सुटला. वाडीतून एक बाई ओरडत आली. त्याने तुकडा पिशवीत टाकला, मागे न बघता स्कूटर सुरू केली आणि मला हातात तसेच धरून पळाला. पुढे एका वडाखाली थांबून त्याने वहीत लिहिले: मूळ जागेवरचा करळ, जमिनीखाली दीड हात, केवड्याच्या बनाजवळ.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला ओरडता येत नाही. पण त्या दिवशी घाव मी घातला, हे मी विसरलेलो नाही.

प्रबंध गाजला. पुढे त्याचा शोधनिबंध छापून आला. भालचंद्र सरांनी तो तुकडा विभागाच्या काचेच्या कपाटात ठेवला आणि दरवर्षी नव्या मुलांना दाखवला. "आपल्याच विद्यार्थ्याने समुद्राची जुनी रेषा शोधली," असे ते सांगत. त्याच समाधानात ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. श्रीरंग त्याच विभागात शिक्षक झाला, मग विभागप्रमुख. मला त्याने पुन्हा हातात घेतले नाही. मी त्याच कपाटाच्या खालच्या खणात पडलो. वारा सुटला की शिपाई दाराला माझी टेकण लावी. एकदा एका समारंभात माझ्याकडून नारळ फोडून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शरम वाटली.

अशी वर्षे गेली आणि टिफनी आली.

टिफनी वसईजवळच्या पापडीची. तिची आई मर्सी घरी शिवणकाम करी आणि तिच्या कमाईवर दोघी राहत. टिफनीला पीएच.डी. करून संशोधनात जायचे होते. त्यासाठी तिने पदवीच्या चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाला प्रवेश घेतला. त्या वर्षी तासिका थोड्या असतात. एकच मोठा प्रबंध लिहायचा असतो आणि तुम्ही संशोधक होऊ शकता की नाही, ते त्यावर ठरते. श्रीरंग सर तिचे मार्गदर्शक झाले. त्यांनी तिला आपलाच विषय दिला. सरांचा करळ जिथे मिळाला होता, तिथून आणखी नमुने काढायचे, त्यातल्या शिंपल्यांचे वय काढून घ्यायचे आणि समुद्र तिथे कधी होता ते सांगायचे. काम झाले असते तर सरांच्या नावाला आणखी झळाळी आली असती. तिलाही शिफारसपत्र मिळाले असते.

तिने मला खणातून काढले तेव्हा मला ती आवडली नाही. तिने माझा गंज घासला, पण दांड्याला नीट तेल दिले नाही. पहिल्या दिवशी तिने माझ्या चोचीने वाटेतले झुडूप तोडले. भालचंद्र सरांनी असे कधीच केले नसते. पण ती रोज येत राहिली. हाताने फिरवायचे लांब गिरमिट घेऊन तिने श्रीरंग सरांनी लिहिलेल्या जागी आणि तिच्या आसपास सात ठिकाणी जमिनीला भोके पाडली. मऊ वाळू लागली, खाली चिकणमाती लागली. करळ कुठेच लागला नाही. तिने सरांना सांगितले. सर म्हणाले की आता तिथे सुट्टीसाठीची घरे झाली आहेत, दगड त्यांच्या पायाखाली गेला असेल. ते खरे असू शकले असते. मला चीड आली ती याचीच. खोटे बोलणाऱ्याला गावातली नवी घरेसुद्धा मदत करतात.

जमिनीच्या आत कोणते थर आहेत ते जुन्या विहिरीत बरे दिसते. म्हणून फेब्रुवारीत एका सकाळी टिफनी त्या केळीच्या वाडीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या कमरेला होतो. फाटक उघडायला चंद्रकांताबाई आल्या. वाडी त्यांची. आता सत्तरीच्या झाल्या होत्या, पण मी त्यांना आवाजावरून ओळखले. त्यांची नजर आधी माझ्यावर गेली.

"तो हातोडा बाहेर ठेव," त्या म्हणाल्या. "नाहीतर तूही बाहेरच राहा."

टिफनीने मला फाटकाच्या खांबावर ठेवले. तिथून मला विहीर दिसत होती. चंद्रकांताबाईंनी तिला कठड्याचा तुटलेला कोपरा दाखवला. त्यांच्या आजेसासऱ्यांनी हे दगड कळंबच्या किनाऱ्यावरून बैलगाडीने आणले होते. एका दुपारी स्कूटरवरचा एक पोरगा कोपरा फोडून पळाला होता. "तुमच्यासारखाच शिकलेला दिसत होता," असे त्यांनी मुद्दाम सांगितले.

टिफनी कोपऱ्याशी गेली. ती वाकून तुटलेल्या जागेकडे बघत राहिली. तिथे दगडात एक मोठी शिंपली अर्धी चिरलेली होती. तिची दुसरी अर्धी बाजू टिफनीने महिनाभर रोज पाहिली होती, विभागाच्या काचेच्या कपाटात.

दोन दिवसांनी ती परत आली. नोंदवहीत सही करून तिने कपाटातला तुकडा आणला होता. मी पुन्हा खांबावर. तिने फडक्यातून तुकडा काढला आणि कोपऱ्यावर ठेवला. एकदा फिरवला. तुकडा जागेवर बसला. शिंपली पूर्ण झाली. तुकड्याच्या एका अंगाला जो पांढरा थर होता, तो सर नैसर्गिक चुना म्हणून शिकवत. तो कठड्याच्या सांध्यातला चुना होता.

टिफनीने फोटो काढले, मापे घेतली. चंद्रकांताबाई त्या दगडावर हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आता हा इथेच राहू दे. टिफनी म्हणाली की तसे करता येणार नाही, नमुना कॉलेजच्या नोंदवहीत आहे आणि तोच पुरावा आहे.

चंद्रकांताबाईंचा चेहरा कठोर झाला. "चोराच्या घरचा कागद दाखवून माझाच दगड परत नेतेस?"

टिफनीने तुकडा उचलला, फडक्यात गुंडाळला आणि निघाली. मागे फाटक जोरात बंद झाले.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. मला आणि त्या तुकड्याला तिने टेबलावर ठेवले आणि फोटो समोर मांडले. श्रीरंग सरांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी तिला समजावले की विद्यार्थिनीने मार्गदर्शकाचे जुने काम तपासायचे नसते, पुढे न्यायचे असते. हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक आणि नमुने घरांखाली गेल्यामुळे मिळाले नाहीत, एवढे लिही, असे ते म्हणाले.

"सर, कठडा तुम्ही फोडला होता का?" तिने विचारले.

सरांनी मला उचलले. चोवीस वर्षांनी त्यांची बोटे माझ्या दांड्याला लागली. त्यांनी मला आपल्या टेबलाच्या खणात टाकले आणि कुलूप लावले. मग त्यांचा आवाज आला. "तुझं शिफारसपत्र मी लिहिणार आहे, टिफनी. मला जे दिसेल तेच मी त्यात लिहीन."

त्यानंतरचे मी खणातून ऐकले. काही गोष्टी फार पुढे टिफनीच्याच तोंडून कळल्या. घरी मर्सीने तिला साथ दिली नाही. मर्सी वाईट बाई नव्हती. ती घाबरली होती. "सरांचं नाव घेऊन तू वर जाणार होतीस," ती म्हणाली. "त्यांनाच खाली पाडून कुठे जाशील?" तीन आठवडे माय-लेकी कामापुरत्या बोलत होत्या. वर्गातली मुले टिफनीच्या शेजारी बसेनाशी झाली. प्रयोगशाळेची किल्ली तिला मिळेनाशी झाली. तिच्या प्रबंधाची पाने सर सहीशिवाय परत पाठवत. ती तेच प्रकरण पुन्हा छापून आणी. पाच वेळा आणले. सहाव्या वेळी सरांनी सही केली आणि सहीखाली लिहिले: मार्गदर्शकास निष्कर्ष मान्य नाहीत.

तोंडी परीक्षा सरांच्याच खोलीत झाली, कारण सभागृहात दुसरी परीक्षा चालू होती. बाहेरून परीक्षक म्हणून विनिता मॅडम आल्या होत्या. ही परीक्षा खुली असते, कोणीही येऊन ऐकू शकते. टिफनी बोलायला उभी राहिली तेवढ्यात दार वाजले. चंद्रकांताबाई आगाशीहून बसने आल्या होत्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते; तारीख कोणाकडून तरी कळली होती. माझ्या विहिरीबद्दल बोलणार आहात तर मला ऐकायचे आहे, एवढे सांगून त्या बसल्या.

टिफनी अर्धा तास बोलली. तिने कोणावर आरोप केला नाही. सात ठिकाणी काय लागले, विहिरीच्या आतल्या भिंतीत कोणते थर दिसले आणि तुकडा कसा जुळला, ते सांगितले. विनिता मॅडमचा आवाज कोरडा होता. त्यांनी तिला बरेच छळले. गिरमिट आणखी खोल का नेले नाही, पाण्याच्या पातळीची नोंद एकाच महिन्याची का, असे विचारत गेल्या. टिफनी दोनदा अडखळली. मग मॅडमनी सरांना विचारले की नमुन्यावरची चिठ्ठी कोणी लिहिली.

सर म्हणाले, अक्षर माझे आहे, पण इतक्या वर्षांपूर्वीचे मला नीट आठवत नाही.

मॅडम चंद्रकांताबाईंकडे वळल्या. या गृहस्थांना तुम्ही ओळखता का, असे त्यांनी विचारले. मला श्वास असता तर खणात मी तो रोखला असता.

"नाही," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "तोंड कुठे बघितलं होतं मी. पाठच बघितली."

सर सुटले. कुलपाआडून मी सगळे सांगू शकलो असतो, पण हातोड्याला कोण विचारतो? मॅडमनी मात्र दगडाला विचारले. त्यांनी तुकडा आणि फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि निर्णय दिला: तो कोणी आणला हे माहीत नसले तरी तो कठड्याचा आहे, प्रबंध त्या प्रकरणासह मान्य. गुण त्यांनी हात आखडून दिले. दारात टिफनीने त्यांच्याकडे शिफारसपत्र मागितले. त्या नाही म्हणाल्या. एका सकाळी भेटलेल्या मुलीला मी पत्र देत नाही, असे त्यांनी सांगितले. मला त्या बाईंचा राग आला. पण त्या खोटे बोलल्या नाहीत, हेही खरे.

टिफनीचे वर्ष गेले. दोन संस्थांनी तिचा अर्ज मार्गदर्शकाच्या पत्राअभावी बाजूला ठेवला. ती नालासोपाऱ्यात विहिरींचे आणि बोअरिंगचे पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला लागली. सर विभागप्रमुखच राहिले. दिवाळीनंतर त्यांनी शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिले की जुन्या नमुन्याच्या स्थानाबद्दल शंका निर्माण झाल्याने तो निष्कर्ष मागे घ्यावा. टेलिफोनवर कोणाला तरी ते पत्र वाचून दाखवत होते, म्हणून मला कळले. त्यात टिफनीचे नाव नव्हते.

मग एका दुपारी त्यांनी खण उघडला, मला पिशवीत घातले आणि एकटेच कळंबच्या वाटेला लागले. फाटकाशी चंद्रकांताबाई उभ्या होत्या. त्यांनी फाटक उघडले नाही.

"तेव्हाचा मीच," सर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. आश्चर्य वाटल्याचे त्यांनी दाखवले नाही. दगड आणलास का, एवढेच विचारले. दगड आता कपाटातच राहील, पण त्यावरची चिठ्ठी बदलली आहे, तुमच्या विहिरीचा म्हणून लिहिले आहे, असे सर म्हणाले.

"आणि फोडला कोणी, ते?"

सरांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग अर्धंच लिहिलंस," बाई म्हणाल्या. त्यांची नजर पिशवीवर गेली. पिशवीतून माझा दांडा बाहेर आला होता. "तो इथे ठेव. तुझ्या हातात नको."

सरांनी मला फाटकावरून आत दिले. माफीचे काही शब्द त्यांच्या तोंडून आले असावेत. बाई ते ऐकायला थांबल्या नाहीत. मला सरांची दया आली नाही. आली असती तर मी तसे सांगितले असते.

तेव्हापासून मी फाटकाजवळच्या पंपाच्या खोलीत खिळ्याला आहे. खाऱ्या वाऱ्याने गंजतो आहे. बाई माझ्याकडे कधीच बघत नाहीत आणि त्यांचे बरोबर आहे. गेल्या महिन्यात टिफनी आली होती आणि फाटकाशी उभी राहून तिने बाईंना सगळे सांगितले. तिसऱ्या संस्थेत मुलाखतीला तिला विचारले की मार्गदर्शकाचे पत्र का नाही. तिने कारण सांगितले आणि पत्राऐवजी प्रबंध पुढे केला. तिचे नाव प्रतीक्षा यादीत लागले आणि अगदी शेवटी तिला जागा मिळाली. जाण्याआधी तिने वाडीमागच्या खाचरात आणखी तीन ठिकाणी गिरमिट घातले. दिवसभर राबली. काही मिळाले का, असे बाईंनी फाटकातूनच विचारले. नाही, ती म्हणाली. वहीतही तेच लिहिल्याचे तिने सांगितले. बाईंनी फाटक उघडले नाही. पण ती रस्त्याला लागेपर्यंत त्या तिथे उभ्या होत्या.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या संशोधक होतील. मला तेल लावा, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखे हातोडे बाजारात पुष्कळ मिळतात. पण अकरा दिवस हिंडून हाती काही लागले नाही, तर बाराव्या दिवशी हातोडा उचलू नका. वही उघडा आणि 'काही मिळाले नाही' असे लिहा. ते लिहायला श्रीरंगला एक मिनिट लागले असते.